रात्री ट्रॉली मागे घेताना: रिव्हर्सच्या प्रखर दिव्यांची निवड आणि जोडणी

एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे दिवसभर आंबा उतरतो, संध्याकाळी पेट्या भरल्या जातात आणि वाशीच्या बाजाराकडे निघणाऱ्या गाडीपर्यंत माल रात्रीच पोहोचवावा लागतो. त्यामुळे बागेतून ट्रॉली मागे घेण्याचे काम बहुतेक वेळा अंधारातच करावे लागते. चार हंगामांपूर्वी अशाच एका रात्री माझ्या ट्रॉलीचे उजवे चाक गडग्यावर चढले, जांभ्या दगडांचा तो गडगा सहा-सात हात लांबीपर्यंत पाणंदीत कोसळला, आणि मागे उभा राहून हात दाखवणारा मुलगा दोन पावले बाजूला होता म्हणूनच वाचला. त्या वेळी ट्रॉलीला मागे एक दिवा होता आणि तो चांगला प्रखरही होता. परंतु त्याचा झोत समोरच्या फणसाच्या शेंड्यावर पडत होता आणि चाकाखालची जमीन काळोखात होती.

त्यानंतर मी ट्रॉलीला आणि पुढे होडीच्या ट्रेलरलाही नव्याने दिवे बसवले. त्यांतले काही दिवे एका पावसाळ्यात गेले, काही अजून उत्तम चालत आहेत. रत्नागिरीपासून मालवणपर्यंत आपल्या किनाऱ्यावर ज्यांना हे काम पहिल्यांदाच करायचे आहे, त्यांच्यासाठी ते ज्या क्रमाने करायला हवे त्या क्रमाने पुढे मांडले आहे.

१. दिवा घेण्याआधी रात्री जागेवर जाऊन पाहावे

दुकानात जाण्यापूर्वी एका रात्री आपली ट्रॉली नेहमीच्या अडचणीच्या जागी उभी करावी, मागे जाऊन हातातल्या बॅटरीचा उजेड टाकावा आणि चालकाच्या जागेवर बसून दोन्ही आरशांत काय दिसते ते पाहावे. बहुतेकांना तेव्हाच लक्षात येते की, पन्नास मीटर मागचे दिसण्याची आपल्याला काहीच गरज नसते. मागच्या चाकांच्या बाहेरची दोन-दोन हात जमीन, गटाराची किंवा व्हाळाची कड, साकवाचा कठडा आणि मागे उभा असलेला माणूस एवढे स्पष्ट दिसले म्हणजे पुरे. हे सगळे साधारण आठ-दहा मीटरच्या आत असते. म्हणून रिव्हर्ससाठी रुंद पसरणारा झोत घ्यावा. दुकानदार याला ‘फ्लड’ म्हणतात आणि त्याचा कोन ६० अंश किंवा त्याहून अधिक असतो. लांबवर जाणारा अरुंद झोत, म्हणजे ‘स्पॉट’, या कामासाठी घेऊ नये. फणसाचा शेंडा उजळणारा माझा जुना दिवा याच जातीचा होता.

२. डब्यावरचे आकडे नीट वाचावेत

उजेड ल्युमेनमध्ये मोजतात आणि दिवा किती वीज खातो ते वॅटमध्ये मोजतात. गाड्यांना कारखान्यातून येणारा २१ वॅटचा साधा बल्ब सुमारे ४६० ल्युमेन उजेड देतो. चांगला एलईडी दिवा एका वॅटमागे साधारण ८० ते १२० ल्युमेन प्रत्यक्ष बाहेर टाकतो. हा हिशोब लक्षात ठेवला तर फसवणूक जागच्या जागी ओळखता येते: १८ वॅटच्या दिव्यावर ‘१०,००० ल्युमेन’ असे छापलेले असेल, तर तो आकडा खरा असूच शकत नाही. तसा दिवा तेजस्वी वाटला तरी घेऊ नये, कारण ज्याने हा आकडा खोटा छापला, त्याने पाणीरोधकतेचा आकडा तरी खरा छापला असेल यावर विश्वास ठेवता येत नाही. काही उत्पादक एलईडीच्या चिपची कागदोपत्री क्षमता छापतात, काही भिंगातून प्रत्यक्ष बाहेर पडणारा उजेड छापतात. आपल्याला दुसरा आकडा हवा असतो, म्हणून तो विचारून घ्यावा.

माझ्या अनुभवाने ट्रॉलीला प्रत्येकी १५ ते २० वॅटचे दोन एलईडी दिवे पुरतात. त्यांतून सर्व मिळून अडीच-तीन हजार ल्युमेन उजेड मिळतो, म्हणजे जुन्या एका बल्बच्या सहापट. एकाच मोठ्या दिव्यापेक्षा दोन मध्यम दिवे कधीही बरे, कारण एक दिवा गेला तरी दुसऱ्यावर काम निभावते आणि दोन बाजूंनी उजेड आल्यामुळे सावल्या गडद पडत नाहीत. याहून अधिक प्रखर दिवे घेतल्यास पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवरून किंवा पावसाच्या धारांवरून परतणारा उजेड आरशातून चालकाच्याच डोळ्यांवर येतो आणि दिसायचे तेही दिसेनासे होते.

प्रकाशाच्या रंगाचा आकडा केल्व्हिनमध्ये दिलेला असतो. ६५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा उजेड अधिक प्रखर भासतो खरा, परंतु पावसात आणि तांबड्या धुळीत माझ्या डोळ्यांना ४५०० ते ५००० केल्व्हिनचा उजेड अधिक सुसह्य वाटतो आणि जांभ्याची जमीन व पालापाचोळा त्यात वेगवेगळे ओळखू येतात.

शेवटी व्होल्ट पाहावेत. ट्रॅक्टर आणि लहान पिकअप गाड्या १२ व्होल्टच्या असतात, तर ट्रक २४ व्होल्टचे असतात. ज्या एलईडी दिव्यावर ‘१० ते ३० व्होल्ट’ असे लिहिलेले असते तो दोन्हीकडे चालतो, म्हणून ट्रॉली कधी याच्या तर कधी त्याच्या वाहनाला लागणार असेल तर असाच दिवा घ्यावा.

३. पाणी आणि खारा वारा यांचा विचार सर्वांत अधिक करावा

आपल्याकडचे दिवे जुने होऊन क्वचितच बंद पडतात. ते गंजून बंद पडतात. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने खारा वारा असतो. म्हणून दिव्यावरील ‘आयपी’ हा आकडा समजून घ्यावा. त्यातला पहिला अंक धुळीसाठी आणि दुसरा पाण्यासाठी असतो. आयपी ६५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसणारा. आयपी ६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवला तरी आत पाणी न शिरणारा. आयपी ६८ म्हणजे उत्पादकाने सांगितलेल्या, त्याहून कठीण अटींवर बुडून राहू शकणारा. ट्रॉलीसाठी ६७ पुरेसा आहे. ट्रेलर खाडीत उतरवायचा असेल तर ६८ पाहावा.

येथे एक फसगत होते. ही चाचणी गोड्या पाण्यात होते, आणि दिवा गरम असताना अचानक गार पाण्यात गेला तर काय होते ते हा आकडा सांगत नाही. पेटलेल्या दिव्याच्या आतली हवा तापून फुगलेली असते. दिवा पाण्यात जाताच ती आकसते आणि रबराच्या सीलमधून बाहेरचे पाणी आत ओढून घेते. माझ्या पहिल्या दिव्याचे असेच झाले. मृगात काचेच्या खालच्या कडेला पाण्याची बारीक रेघ दिसली आणि गणपतीपर्यंत ती बोटभर झाली. दिवा उघडला तेव्हा तांब्याच्या तारेवर हिरवी खपली धरलेली होती, ॲल्युमिनियमच्या अंगावर पांढरी भुकटी फुलली होती आणि लोखंडी स्क्रू हाताने पिळताच तुटला. भिन्न धातू खाऱ्या ओलीत एकमेकांना चिकटून राहिले की त्यांतला एक झिजत जातो, तोच हा प्रकार. म्हणून स्क्रू आणि पट्टी ३१६ या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची घ्यावी, कारण त्या प्रतीत मॉलिब्डेनम असल्यामुळे ती ३०४ पेक्षा खाऱ्या हवेत जास्त टिकते. स्टील आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशरही घालावा.

४. नियम आणि कागदपत्रे

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०८ प्रमाणे वाहनाच्या मागील बाजूस लाल सोडून अन्य उजेड दाखवता येत नाही. त्याला जे अपवाद दिले आहेत त्यांत मागे येताना वापरायचा पांढरा उजेड आहे. याचा अर्थ असा की दिवा पांढराच असावा आणि गाडी मागे येत असतानाच पेटावा. रस्त्यावर पुढे जाताना तो चालू राहिल्यास मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचे डोळे दिपतात. आपले वळणावळणाचे अरुंद रस्ते पाहता ही गोष्ट जिवावर बेतणारी आहे. शेतात नांगरणीसाठी ट्रॅक्टरला मागे असणारा दिवा हा स्वतंत्र अपवाद आहे. तो दाखवून ट्रॉलीच्या दिव्याचे समर्थन करता येत नाही.

ट्रॅक्टर आणि ट्रॉली या दोहोंची नोंदणी पुस्तके, विम्याचे कागद, दिव्याचे बिल व हमीपत्र, आणि शक्य झाल्यास ट्रॅक्टरच्या वायरिंगचा नकाशा एका पिशवीत एकत्र ठेवावा. ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते, हे नव्याने ट्रॉली घेणारे अनेकदा विसरतात.

५. जमवायचे साहित्य

- आयपी ६७ किंवा ६८ चे दोन फ्लड दिवे
- १.५ चौरस मिलिमीटरची कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची वायर, लाल व काळी, मोजून एक मीटर जास्त
- झाकणाच्या होल्डरसह १२ व्होल्टचा चार पिनचा रिले (थोड्या विजेच्या इशाऱ्यावर मोठ्या भाराची वीज चालू-बंद करणारा स्विच)
- ५ ॲम्पिअरचा फ्यूज व त्याचा पाणीरोधक होल्डर
- थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) आणि ती दाबण्याचे क्रिम्पिंग पक्कड
- आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी, म्हणजे गरम केल्यावर जोडावर आवळून बसणारी
- वायरीसाठी लवचिक पाइप आणि नायलॉनचे टाय
- मल्टिमीटर, तो नसल्यास निदान टेस्ट लॅम्प
- पेट्रोलियम जेली किंवा विजेच्या जोडांसाठी मिळणारे सिलिकॉन ग्रीस

काळ्या टेपचे नाव मी या यादीत मुद्दाम घातलेले नाही. उन्हाळ्यात तिचा गोंद पातळ होतो, पावसात ती सुटते आणि सुटलेल्या टेपच्या आत पाणी साचून राहते.

६. वायर, रिले आणि फ्यूज

नवे लोक सर्वाधिक चुका येथेच करतात. ट्रॅक्टरच्या मूळ रिव्हर्स बल्बच्या वायरीला चिमटा काढून त्यावरच नवे दिवे जोडले, तर २१ वॅटसाठी बनवलेल्या त्या वायरीवर आणि गिअरजवळच्या लहान स्विचवर दुपटी-तिपटीचा भार पडतो. वायर तापते, स्विच जळतो आणि तो बदलण्याचा खर्च दिव्यांहून अधिक होतो.

रिलेवर चार आकडे कोरलेले असतात. ३० क्रमांकावर बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर जोडावी. ८७ वरून दिव्यांकडे वायर न्यावी. ८६ वर रिव्हर्सच्या मूळ बल्बची वायर द्यावी आणि ८५ ला अर्थ, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाकडे जाणारी काळी वायर, द्यावा. असे केल्यावर मूळ वायरीवर केवळ रिलेचा अत्यल्प भार येतो आणि दिव्यांची वीज थेट बॅटरीकडून येते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच असावा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर घासून उघडी पडली तर तिला कोणतेच संरक्षण नसते.

ज्या ट्रॅक्टरला रिव्हर्सचा स्विचच नाही, त्यात डॅशबोर्डवर स्वतंत्र बटन बसवावे लागते. तेथे रिलेची ८६ क्रमांकाची वायर त्या बटनावरून घ्यावी आणि बटनाशेजारी एक छोटा सूचक दिवा अवश्य बसवावा. अन्यथा मागचे दिवे पेटलेलेच राहतात आणि आपल्याला ते कळतही नाही.

वायरीची जाडी हा मुद्दा क्षुल्लक वाटतो, म्हणून हिशोबच देतो. बॅटरीपासून ट्रॉलीच्या टोकापर्यंत ८ मीटर धरले, तर जाऊन-येऊन १६ मीटर वायर होते. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या वायरीचा एवढ्या लांबीचा अवरोध सुमारे ०.३७ ओहम आहे. १८ वॅटच्या दोन एलईडी दिव्यांना ३ ॲम्पिअर लागतात, म्हणजे वाटेतच १.१ व्होल्ट जातात, १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत हीच तूट निम्मी होते. चांगल्या एलईडीच्या आतले सर्किट एवढी तूट सावरून घेते. परंतु ५५ वॅटचे दोन हॅलोजन अशाच बारीक वायरीवर लावले तर जवळजवळ तीन व्होल्ट वाटेत जातात आणि उजेड निम्म्याहून खाली येतो. दिवा कमजोर आहे असे समजून लोक मग अधिक वॅटचा बल्ब घालतात, त्यामुळे वायर आणखी तापते आणि तूटही वाढते.

अर्थिंगसाठी ट्रॉलीच्या हुकावर आणि पिनेवर विसंबू नये. ग्रीस आणि गंज यांमुळे तेथील जोड कधी लागतो, कधी सुटतो आणि दिवे लुकलुकतात. काळी वायर ट्रॅक्टरपर्यंत स्वतंत्र न्यावी, मग हा प्रश्नच उरत नाही.

७. सात पिनचे सॉकेट

ट्रॅक्टरच्या मागे साधारणपणे सात पिनचे सॉकेट असते. त्याच्या प्रचलित बारा व्होल्टच्या मांडणीत १ व ४ क्रमांक डाव्या-उजव्या इंडिकेटरचे, ३ अर्थचा, ५ व ७ मागच्या लाल दिव्यांचे आणि ६ ब्रेकचा असतो. २ क्रमांक मागच्या धुक्याच्या दिव्यासाठी ठेवलेला आहे. रिव्हर्सला त्यात स्वतंत्र जागा नाही. तेरा पिनच्या सॉकेटमध्ये मात्र ८ क्रमांक रिव्हर्सचाच असतो. आपल्या सॉकेटमध्ये २ क्रमांक रिकामा आहे का, हे मल्टिमीटरने तपासावे. रिकामा असेल तर तो वापरता येतो, फक्त त्याची नोंद झाकणाच्या आत रंगाने करून ठेवावी, म्हणजे ट्रॉली दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला लागली तर गोंधळ होत नाही. मी मात्र रिव्हर्ससाठी दोन पिनचे वेगळे पाणीरोधक सॉकेट शेजारी बसवले, आणि नव्या माणसाला तोच मार्ग सुचवीन.

८. दिव्यांची जागा आणि कोन

ट्रॉलीच्या फाळक्यावर दिवा कधीही बसवू नये. फाळका खाली सोडला की दिवा जमिनीकडे तोंड करून लटकतो आणि वायर बिजागरीत सापडून तुटते. मागच्या आडव्या चॅनेलच्या खोबणीत, दोन टोकांना एकेक दिवा बसवला तर तो चिऱ्यांच्या आणि क्रेटच्या धक्क्यापासून सुरक्षित राहतो. मात्र फाळका उघडा असताना तो दिव्यावर येत नाही ना, हे आधी पाहून घ्यावे. उंची जमिनीपासून कमरेइतकी, म्हणजे ८० ते १०० सेंटिमीटर असावी; त्याहून खाली चिखलाने काच माखते आणि वर गेल्यास झोत माणसाच्या डोळ्यांत जातो.

दिवा ९० सेंटिमीटर उंचीवर असेल तर तो सुमारे १० अंश खाली झुकवावा, म्हणजे झोताचा मध्य पाच मीटर मागे जमिनीला टेकतो. ट्रॉली मागे घेताना ती वळते आणि चालकाला एका बाजूच्याच आरशात दिसते. म्हणून डावा दिवा थोडा डावीकडे आणि उजवा थोडा उजवीकडे, पंधरा-वीस अंश वळवावा. चाकाबाहेरची ती दोन हात जमीन उजळते ती या वळवण्यामुळेच.

ट्रॉलीला पुढे वेल्डिंगचे काम करायचे असेल तेव्हा दिव्यांचा प्लग काढून ठेवावा. वेल्डिंगचा प्रवाह चॅनेलमधून वाट काढतो आणि एलईडीच्या आतले सर्किट जाळतो. आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका ट्रॉलीचे दोन्ही नवे दिवे असेच एका दुपारी गेले.

९. चाचणी रात्रीच घ्यावी

दिवसा केवळ दिवे पेटतात की नाही एवढेच कळते. रात्री सपाट जागी ट्रॉली उभी करून पाच मीटर मागे एक काठी आडवी ठेवावी आणि तिच्या दोन्ही टोकांना ट्रॉलीच्या रुंदीबाहेर दोन-दोन हातांवर एकेक दगड ठेवावा. चालकाच्या जागेवरून दोन्ही आरशांत काठी आणि दगड स्पष्ट दिसेपर्यंत कोन बदलत राहावे, त्यानंतरच नट शेवटचे आवळावेत. मग ट्रॉली भरून पुन्हा पाहावे, कारण भाराने मागचा भाग खाली बसतो आणि झोत जवळ येतो. मागे उभ्या राहणाऱ्या माणसाने नेहमी चालकाच्या बाजूला, आरशात दिसेल असेच उभे राहावे. दिवे कितीही चांगले असले तरी ट्रॉलीच्या सरळ रेषेत उभे राहू नये.

१०. होडीच्या ट्रेलरसाठी वेगळी काळजी

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या आधी लहान होड्या वर घेतल्या जातात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पाण्यात उतरवल्या जातात. भरलेली होडी उतारावरून सहज तरंगवायची तर उधाणाचे पाणी लागते, आणि आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेची भरती दुपारी व रात्री बाराच्या आसपास येते. रात्रीची भरती साधायची तर शेवाळलेल्या उतारावर ट्रेलर मागे न्यावा लागतो, तेव्हा पाण्याची कड आणि उताराची बाजू दिसलीच पाहिजे.

यासाठी ट्रेलरच्या दोन्ही कडांना होडीला दिशा देणारे उभे पाइप असतात, त्यांच्या वरच्या टोकाला दिवे बसवावेत, म्हणजे ते पाण्याच्या वर राहतात. तेथून झोत अधिक खाली झुकवावा लागतो. ट्रेलरचे खालचे लाल दिवे मात्र पाण्यात जातातच. म्हणून पाण्याशी पोहोचण्यापूर्वी ट्रेलरचा मुख्य प्लग काढावा आणि दिवे दहा मिनिटे गार होऊ द्यावेत. मी रिव्हर्सचे सॉकेट वेगळे घेतले त्याचे हेही एक कारण आहे: मुख्य प्लग काढला तरी वरचे दिवे पेटलेले राहतात. होडी उतरल्यावर ट्रेलर वर आणून दिवे, पट्ट्या आणि सॉकेट गोड्या पाण्याने धुवावे, सुकू द्यावे आणि पिनांना ग्रीसचा पातळ हात द्यावा. सॉकेटचे तोंड खाली राहील असेच ते टांगावे. मे महिन्याच्या अखेरीस प्रत्येक स्क्रू एकदा सोडवून, ग्रीस लावून पुन्हा आवळावा. पावसाळाभर न हलवलेला स्क्रू गणपतीनंतर सहसा सुटत नाही.